उसाला झिंक मिळतं, पोराचं काय?

राहुरी, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव… यातल्या कुठल्याही गावातल्या कृषी सेवा केंद्रात जा आणि दहा मिनिटं नुसते उभे राहा. तेवढ्या वेळात कुणीतरी येऊन झिंक सल्फेट मागणारच. उसाची पानं फिकी पडली, शिरांच्या मधे पिवळट पट्टे दिसायला लागले की नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तो पान हातात घेतो, उन्हात धरून बघतो आणि म्हणतो, झिंक कमी पडलंय.

आता हाच प्रश्न जरा वेगळा विचारू. त्याच शेतकऱ्याच्या घरात दोन वर्षांचं पोर आहे. त्याला महिन्याआड सर्दी होते, खोकला छातीत उतरतो, दवाखान्यात गेलं की वाफ द्यायची, इंजेक्शन, सिरप आणि परत महिनाभरानं तेच. भूक नाही, वजन वाढत नाही. त्या पोराचं काय कमी पडलंय, हे ओळखणारं कुणी आहे का?

थोडं गणित करू, सोपं आहे. कमतरता असलेल्या जमिनीत उसाला हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट, शेणखतात मुरवून, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस असते. त्यात झिंकचं, म्हणजे जस्ताचं प्रमाण २१ टक्के. म्हणजे हेक्टरी ४.२ किलो जस्त. आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज किती लागतं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ३.३ मिलिग्रॅम. वर्षाचा हिशेब केला तर जेमतेम सव्वा ग्रॅम. एका हेक्टर उसाला आपण जेवढं जस्त घालतो, तेवढ्यात जवळपास साडेतीन हजार लहान मुलांची वर्षभराची गरज भागेल.

खताच्या गोणीतलं जस्त पोरांना द्यायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको. मुद्दा असा की ही वस्तू काही दुर्मीळ नाही. आपल्या जिल्ह्याला ती पाठ आहे. उसाचं टनेज मोजलं जातं, म्हणून त्याची कमतरता कळते. पोराचं असं काही रोज मोजलं जात नाही.

जस्त करतं तरी काय?

जस्त म्हटलं की तुम्हाला पत्रा आठवेल. लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून तो पावसात गंजत नाही. शरीरातलं त्याचं काम जास्त गुंतागुंतीचं आहे, पण राखणदारी तिथेही आहेच. पेशी दुभंगून नवी पेशी तयार होताना जस्त लागतं. म्हणून जिथे पेशी भराभर बदलतात, तिथे त्याची टंचाई आधी जाणवते. वाढतं शरीर, आतड्याचं अस्तर, श्वासनलिकेचं अस्तर आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. थोडक्यात, जंतू शरीरात शिरतात ते दरवाजे आणि शिरल्यावर त्यांना पकडणारे पहारेकरी, दोघांनाही जस्त लागतं.

आणि एक अडचण. चरबी साठते, लोह काही प्रमाणात साठतं, अ जीवनसत्त्व यकृतात महिनोन् महिने राहतं. जस्ताचं असं कोठार शरीरात नाही. आज खाल्लं ते आज-उद्या वापरायचं. जुलाब झाले की असलेलंही वाहून जातं.

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे मुळात समजलं तेच उशिरा. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद अमेरिकेत शिकून इराणमधल्या शिराझला गेले होते. तिथे त्यांच्यासमोर विशीतले तरुण आले, जे दहा-बारा वर्षांच्या मुलांएवढे दिसत होते. उंची खुंटलेली, वयात न आलेले. खाणं काय, तर मुख्यतः भाकरीसारखी जाड रोटी, शिवाय माती खायची सवय. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि यामागे जस्ताची कमतरता असावी, अशी शंका मांडली. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासांनी ती खरी ठरवली. त्याआधी वनस्पतींना, प्राण्यांना जस्त लागतं हे माहीत होतं. माणसाला ते कमी पडू शकतं, यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. म्हणजे उसाचं आधी कळलं आणि माणसाचं मागून, हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही.

आकडा तुमचाही आहे

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारनं आणि युनिसेफनं मिळून देशभरातल्या मुलांचं पोषण तपासलं. नुसतं वजन-उंची नाही, रक्तही तपासलं. या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १९ टक्के मुलांच्या रक्तात जस्त कमी निघालं. म्हणजे अंगणवाडीत पाच पोरं बसली असतील तर त्यातलं साधारण एक.

आता पुढचा आकडा वाचा. १० ते १९ वयोगटात हे प्रमाण ३२ टक्के आहे. म्हणजे तिघांत एक. एफवायच्या वर्गातल्या तिघांच्या बाकावर बघा. ही बातमी फक्त लहान पोरांची नाही, असं म्हणतो ते यासाठी.

तरीही लहान मुलांचं वेगळं का सांगायचं? कारण तुम्हाला सर्दी झाली तर दोन लेक्चर बुडतात. दीड वर्षाच्या मुलाचा न्यूमोनिया त्याचा जीव घेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालची ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं दगावली. संसर्गजन्य आजारांत लहान मुलांचा इतका मोठा मारेकरी दुसरा नाही.

मग गोळी द्या की, विषय संपला!

असं वाटणं साहजिक आहे. दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये हे करून बघितलं गेलं. डॉ. सुनील सझावल आणि सहकाऱ्यांनी सहा महिने ते तीन वर्षांच्या ६०९ मुलांचे दोन गट केले. एका गटाला रोज १० मिलिग्रॅम जस्त, दुसऱ्याला तसंच दिसणारं, पण जस्त नसलेलं औषध. १९९८ मध्ये निष्कर्ष आले. जस्त मिळालेल्या मुलांत छातीत उतरणारे श्वसनाचे आजार ४५ टक्क्यांनी कमी. जगभर चर्चा झाली.

मग २००२ मध्ये दिल्लीतच जवळपास अडीच हजार मुलांवर मोठा अभ्यास झाला. तिथेही न्यूमोनिया कमी झाला, पण साधारण पाव हिश्श्यानं. पुढे भारत, बांगलादेश, पेरू, दक्षिण आफ्रिका इथल्या पाच हजारांहून जास्त मुलांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा २०१६ च्या आढाव्यात न्यूमोनिया होण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

४५, २६, १३. आकडा उतरत गेलेला दिसतोय ना? विज्ञानात असं होतं. पहिला अभ्यास छोटा असतो, आशा मोठी असते. पुढे गर्दी वाढते तसं चित्र स्पष्ट होतं. याचा अर्थ पहिला अभ्यास खोटा होता असा नाही. ज्या मुलांमध्ये जस्त खरंच कमी आहे, त्यांना फायदा होतो. ज्यांच्यात पुरेसं आहे, त्यांना वरून आणखी दिलं म्हणून ती पहिलवान होत नाहीत.

आणि न्यूमोनिया झाल्यावर जस्त दिलं तर? बांगलादेशात २००४ मध्ये मुलं लवकर बरी झाली. वेल्लोरमध्ये २००६ मध्ये काहीच फरक पडला नाही. त्यामुळे न्यूमोनियाच्या उपचारात जस्त सरसकट द्यावं, अशी शिफारस आजही नाही. तिथे लागतो तो योग्य अँटिबायोटिक, वेळेवर, आणि गरज पडली तर ऑक्सिजन.

हे एवढं खोलात सांगायचं कारण तुम्हाला आठवत असेल. कोरोनात घराघरांत झिंकच्या गोळ्या आल्या. व्हॉट्सअॅपवर काढा, व्हिटॅमिन सी आणि झिंक असं त्रिकूटच फिरत होतं. मे २०२१ मध्ये तर आपल्या जिल्ह्यात एका महिन्यात आठ हजारांहून जास्त मुलं पॉझिटिव्ह आली आणि नगरचं नाव देशभरातल्या चॅनेलवर झळकलं. बहुतेक मुलं साध्या लक्षणांवर बरी झाली, पण घाबरलेल्या आईबापांनी मेडिकलमधून जे मिळेल ते नेलं. त्याआधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. मोठ्या मात्रेतलं झिंक आणि व्हिटॅमिन सी देऊन कोरोनाची लक्षणं लवकर गेली नाहीत, असं त्यात दिसलं. पण 'इम्युनिटी बूस्टर' हा शब्द तोपर्यंत घरात मुक्कामाला आला होता. तो अजून गेलेला नाही. मनानं, डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, हे त्या शब्दासोबत कुणी सांगत नाही.

भाकरीतलं जस्त जातं कुठे?

आता ताटाकडे येऊ. नगर जिल्ह्याचे दोन भाग तुम्हाला माहीत आहेतच. उत्तरेला कॅनॉल, ऊस, कारखाने. प्रवरानगरला १९५० मध्ये आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पट्ट्यात. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, पारनेर. पाऊस बेभरवशाचा, ज्वारी-बाजरीचा मुलूख. आणि पश्चिमेला अकोल्याचे डोंगर, आदिवासी पाडे.

बाजरी काही जस्तात गरीब धान्य नाही. शंभर ग्रॅम बाजरीत अडीच-पावणेतीन मिलिग्रॅम जस्त असतं, तांदळात त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग बाजरी खाणाऱ्या मुलुखात कमतरता कशी? तर धान्याच्या आणि डाळींच्या टरफलाजवळ फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते जस्ताला असं धरून ठेवतं की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. ताटात जस्त असतं, पोटातही जातं, पण अंगी लागत नाही. मांस-मासे-अंड्यांत फायटेट नसतं, म्हणून त्यातलं जस्त सहज शोषलं जातं.

आजीला फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण तोड माहीत होती. मटकीला मोड आणणं, पीठ आंबवून आंबील करणं, कडधान्य रात्रभर भिजवणं. भिजलं, मोड आले, आंबलं की फायटेट कमी होतं. तिळात शंभर ग्रॅममागे सात-आठ मिलिग्रॅम जस्त असतं, शेंगदाण्यात तीनच्या आसपास. तिळाची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट हे काही गरिबीचं लक्षण नव्हे, ते जस्ताचं साधं घरगुती उत्तर आहे. फक्त पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. कूटच द्या.

घोटाळा होतो तो नेमका सहा महिन्यांनंतर. सहा महिने आईचं दूध पुरतं. नंतर वरचं खाणं सुरू व्हायला हवं, दाट, वेगवेगळं आणि दिवसातून तीन-चार वेळा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या सहा ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. बाकीच्यांना काय? डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेलं बिस्किट. पोट भरतं, रडणं थांबतं, पण अंगाला काही लागत नाही. महाराष्ट्रात याच पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. हे सगळं जस्तामुळे होतं असं नाही. पण ज्या ताटात जस्त नसतं, त्यात लोह, प्रथिनं आणि बाकीही बरंच काही नसतं.

मातीचाही यात हात आहे. देशभरातल्या दोन लाखांहून जास्त माती नमुन्यांच्या तपासणीत ३६ टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत जस्त कमी आढळलं. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत असलेलं जस्तही पिकाला नीट उचलता येत नाही. मातीत कमी, म्हणून दाण्यात कमी, म्हणून भाकरीत कमी.

इथे आपल्या जिल्ह्याची एक अभिमानाची गोष्ट आहे, जी आपल्यालाच फारशी ठाऊक नसते. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादची इक्रिसॅट संस्था यांनी मिळून 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण तयार केलं. २०१२ मध्ये ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. किलोमागे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त. जनुकं इकडची तिकडे न करता, साध्या निवड पद्धतीनं. पुढे देशात बाजरीचं नवं वाण प्रसारित करायचं तर त्यात किमान एवढं लोह आणि एवढं जस्त हवंच, असा नियम आला.

लोहानं समृद्ध अशा बाजरीची परीक्षाही आपल्याच जिल्ह्यात झाली. वसतिगृहात राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुला-मुलींना सहा महिने, दिवसातून दोनदा भाकरी दिली. निम्म्यांना ही बाजरी, निम्म्यांना नेहमीची. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. समृद्ध बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा चार महिन्यांतच सुधारला. अर्थात, ही परीक्षा लोहाची होती आणि मोठ्या मुलांवर होती. दोन वर्षांच्या पोराचा न्यूमोनिया यानं थांबतो, असं त्यातून म्हणता येत नाही. पण भाकरी न बदलता भाकरीतलं पोषण बदलता येतं, हे नगरच्या पोरांनीच दाखवून दिलं. आता तुमच्या गावातल्या दुकानात विचारा, धनशक्तीचं बी आहे का? बहुतेक ठिकाणी तुम्हाला जास्त उताऱ्याचं संकरित बी दाखवतील. शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही, कारण बाजारात बाजरीला भाव क्विंटलवर मिळतो, दाण्यातल्या जस्तावर नाही.

कोपीतला हिवाळा

आता या सगळ्या गोष्टी एका जागी आणून बघा. दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. बीडहूनही ट्रॅक्टर निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना 'कोयता' म्हणतात, ती लेकरंबाळं घेऊन कारखान्याच्या तळावर येतात. चार-पाच महिने मुक्काम कोपीत. पाचटाची किंवा प्लास्टिकच्या कागदाची कोपी, आत चूल, बाहेर थंडी. पहाटे चारला आई-बाप फडात. दीड वर्षाचं पोर एक तर सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, नाही तर फडाच्या कडेला साडीच्या झोळीत.

न्यूमोनियाची कारणं सांगणारं पुस्तक उघडा. कुपोषण, घरातला धूर, दाटीवाटी, थंडी, अर्धवट लसीकरण, उशिरा उपचार. कोपीत ती सगळी एका छपराखाली असतात. जस्त त्यातलं एकच आहे, पण ते या साखळीत बसलेलं आहे. दूषित पाण्यानं जुलाब होतात, जुलाबात जस्त वाहून जातं, जस्त गेलं की श्वासनलिकेचा पहारा ढिला पडतो, मग खोकला छातीत उतरतो, आजारात भूक जाते, भूक गेली की जस्त आणखी कमी. आणि या पोराचं नाव ज्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये आहे, ती अंगणवाडी शंभर किलोमीटर मागे राहिलेली असते. २०२१ मध्ये आलेल्या 'पोषण ट्रॅकर' अॅपमुळे एका गावच्या लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या गावी नेता येते. पण त्यासाठी तळावर जाऊन कुणीतरी ते पोर शोधावं लागतं.

गंमत बघा, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. ज्या उसाला हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट मिळालेलं असतं, तोच ऊस तोडायला आलेल्या माणसाच्या लेकराला रोजचे ३.३ मिलिग्रॅमही मिळत नाहीत.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असंही नाही. आदिवासी भागासाठी डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, त्यात लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. एका अंड्यात अर्धा मिलिग्रॅमच्या आसपासच जस्त असतं, पण ते अंगी लागतं. शाळेतल्या थोड्या मोठ्या मुलांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा वेगळा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं. अंड्यावरचा वाद आपल्याकडे धर्म आणि रुचीच्या अंगानं रंगतो. त्या वादात अंड्यातलं जस्त आणि प्रथिन कुणी मोजत नाही.

फुकटात मिळणारं, पण अर्धवट सुटणारं

एक गोष्ट मात्र आजच्या आज आपल्या हातात आहे. मुलाला जुलाब झाले की ओआरएससोबत १४ दिवस जस्ताची गोळी द्यायची, हे भारत सरकारचं धोरण आहे. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. आशाताईंकडे, उपकेंद्रात ती फुकट मिळते. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते.

यानं जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने परत होण्याची शक्यता कमी होते. शिवाय बांगलादेशातल्या मतलब भागात २००२ मध्ये असं दिसलं की जुलाबात जस्त मिळालेल्या मुलांना छातीत उतरणारे श्वसनाचे आजारही कमी झाले. म्हणजे पोटासाठी दिलेली गोळी छातीलाही उपयोगी पडली.

आणि आपण काय करतो? पाचव्या पाहणीत देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ३० टक्क्यांनाच जस्त मिळालं होतं. ज्यांना मिळतं, त्यांच्यातही तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की पाकीट फडताळात जातं. उरलेल्या ११ दिवसांचं जस्त, जे पुढच्या दोन महिन्यांसाठी होतं, ते तसंच राहतं.

श्वास मोजायला शिका

मग कॉलेजमधल्या पोरानं किंवा पोरीनं यात काय करायचं? त्याआधी दोन उदाहरणं.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. तेव्हा त्या भागात हजारातली पावणेदोनशेच्या घरात बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आरोळे दाम्पत्यानं गावातल्याच बायकांना शिकवलं. बहुतेक निरक्षर, त्यातल्या कितीतरी दलित वस्तीतल्या. वजन करणं, बाळाच्या खाण्याबद्दल सांगणं, न्यूमोनिया ओळखणं हे त्या करायला लागल्या. बालमृत्यू झपाट्यानं उतरले. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि साधं अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं उपकरण केलं. न्यूमोनियानं होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९० मध्ये हे जगापुढे आलं. आज आशाताई जे करतात, त्याचं मूळ अशा कामांत आहे.

निरक्षर बाईला जे जमलं, ते हातात स्मार्टफोन असलेल्या तुम्हाला एका मिनिटात जमेल. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, त्याच्या पोटाकडे बघा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते १२ महिन्यांचं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, मलूल पडलं असेल, तर घरी वाफ देत बसू नका. तडक दवाखाना.

दुसरं, लसीकरणाचं कार्ड बघा. न्यूमोनियाच्या एका मोठ्या जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस २०२१ पासून राज्यात सरकारी लसीकरणात फुकट आहे. सहा आठवडे, १४ आठवडे आणि नऊ महिने, असे तीन डोस. खासगीत तिला हजारो रुपये पडतात. तुमच्या घरातल्या, चुलत्याच्या, शेजारच्या बाळाचे तीनही झालेत का?

तिसरं, तुम्ही एनएसएसमध्ये असाल तर हिवाळी शिबिर बहुतेक ऊसपट्ट्यातल्याच एखाद्या गावात असतं. झाडांना चुना लावायच्या यादीत एक काम वाढवा. जवळच्या तळावर पाच वर्षांखालची मुलं किती, त्यांच्या लशी झाल्यात का, याची यादी करा आणि ती तिथल्या आशाताईंच्या, अंगणवाडीताईंच्या हातात द्या. त्यांना माणसं कमी पडतात, यादी कामाला येते. कृषी शाखेचे असाल तर ग्रामीण कार्यानुभवाच्या गावात धनशक्तीचं एक प्रात्यक्षिक वाफं लावून बघा.

आणि मेडिकलच्या काउंटरवर कुणी तुमच्या वहिनीला पोराच्या इम्युनिटीसाठी तीनशे रुपयांची बाटली देत असेल, तर तेवढ्या पैशांत किती अंडी आणि किती तीळ येतात, हा हिशेब तिथेच करून सांगा.